खरा आकडा कुठला?

भाच्यानं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि घरी नेल्यावर तासाभरात त्याचा फोन आला. "मामा, मला गंडवलं बहुतेक." दुकानदारानं बिलावर ३.४ गिगाहर्ट्झ असं लिहून दिलं होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचं नाव होतं, त्या नावाच्या शेवटी १.६० होतं आणि त्याच ओळीत, जरा जागा सोडून, १.८०. टास्क मॅनेजर उघडला तर तिथला आकडा एका जागी ठरेचना: २.९, मग १.१, मग ०.८, परत २.४. "एका मशिनचे इतके आकडे. यातला खरा कुठला?"

मी त्याला ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. इंटेल कोअर आय५-८२५०यू. २०१७ सालची चिप, लॅपटॉपसाठी बनवलेली, चार कोअरची. "सगळेच खरे आहेत," मी म्हटलं. पलीकडे शांतता. मामा दुकानदाराच्या बाजूचा निघाला, असं त्याला वाटलं असणार. रविवारी येतो म्हणून फोन ठेवला.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. लॅपटॉप घेताना आपण जे दोन-तीन आकडे बघतो त्यात गिगाहर्ट्झ असतोच, आणि तो आपण किराण्याच्या वजनासारखा धरतो. किलोची साखर घरी येऊन आठशे ग्रॅम भरली तर दुकानदार लबाड. प्रोसेसरचा आकडा मात्र वजनासारखा वस्तूत भरलेला नसतो. तो दर क्षणाला घेतलेला निर्णय असतो. निर्णय कोण घेतं, कशावरून घेतं आणि आपल्यापर्यंत तो कोण पोचवतं, हे कळलं की चारही आकडे आपापल्या जागी बसतात.

घमेल्यांची रांग

गावाकडे किंवा शहरात स्लॅब टाकताना पाहिलं असेल. मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची रांग लागते. काँक्रीटचं घमेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. सगळ्यांचे हात एका तालात हलतात. ताल वाढवला की काम लवकर उरकतं, पण किती वाढवायचा हे रांगेतला सगळ्यात धिमा माणूस ठरवतो. त्याच्या हातातलं घमेलं पुढे जायच्या आत मागचं येऊन आदळलं, तर काँक्रीट जिन्यावर.

प्रोसेसरचं घड्याळ हा तोच ताल आहे. ठोका पडला की प्रत्येक टप्प्यावरचं काम पुढच्या टप्प्याकडे सरकतं. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात वाटेतल्या सगळ्या ट्रान्झिस्टरांनी आपापली स्थिती बदलून स्थिर व्हायला हवं. ज्या वाटेला सगळ्यात जास्त वेळ लागतो तिच्यापेक्षा लवकर पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तर पुढे जातं आणि मशिन हँग होतं किंवा, त्याहून वाईट, चुकीचं उत्तर बिनबोभाट देतं.

१ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. ३.४ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधला वेळ इतका थोडा, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा ९ सेंटिमीटर जात नाही. आपल्या तळहाताच्या रुंदीइतकं अंतर, बस.

हा ताल येतो कुठून? मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, मनगटी घड्याळात असतो त्याच जातीचा. विजेच्या दाबाखाली तो ठरलेल्या गतीनं थरथरतो. त्या थरथरीवरून एक पायाभूत ठोका तयार करतात, इंटेलच्या आजच्या चिपमध्ये साधारण १०० मेगाहर्ट्झचा. चिपच्या आतलं सर्किट त्याला एका आकड्यानं गुणतं. गुणक ३४ असेल तर ३४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ. गुणक ८ केला की ०.८. स्फटिक आपल्या जागी त्याच गतीनं थरथरत राहतो, बदलतो तो गुणक. भाच्याच्या टास्क मॅनेजरमध्ये नाचत होता तो हाच.

आकडा ठाम होता तेव्हा

एके काळी गुणकाची ही भानगड नव्हती. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, सकाळी, संध्याकाळी, काम असताना आणि नसतानाही. हा आकडा असा अवघड का? चिप तर ५ मेगाहर्ट्झची होती. त्याचं कारण अमेरिकेतला रंगीत टीव्ही. पीसी घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून रंगाच्या संकेतासाठी ३.५८ मेगाहर्ट्झचा ठोका लागत होता. इंजिनिअरांनी १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला. त्याला चारानं भागलं की टीव्हीचा ठोका मिळायचा, तिनानं भागलं की प्रोसेसरचा: ४.७७. एका स्फटिकाचे पैसे वाचले आणि प्रोसेसर थोडा हळू चालला. घड्याळाचा आकडा ही तडजोड असते, हे तेव्हापासूनचं.

पण एकदा ठरलेली तडजोड ठाम होती आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तिच्यावर विसंबायला सुरुवात केली. खेळातली गाडी किती वेगानं पळावी, हे प्रोसेसरच्या ठोक्यांवरून ठरवलं जायचं. मग जास्त वेगाचे पीसी आले आणि गाडी दिसायच्या आत धडकू लागली. त्यावरचा उपाय म्हणजे कॅबिनेटवरचं टर्बो बटण. नाव टर्बो, पण खरा उपयोग जुन्या प्रोग्रामसाठी वेग कमी करण्याचा.

नव्वदीच्या दशकात बूट बाहेर काढून, एसीच्या गारव्यात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला त्यांना हे बटण आठवेल, आणि त्याच्या शेजारचे ते चमकणारे आकडेही: ३३, ६६. आम्ही मुलं त्याकडे आदरानं बघायचो. पुढे एकदा कॅबिनेट उघडलं तेव्हा कळलं, की त्या आकड्यांचा प्रोसेसरशी काही संबंधच नव्हता. मागच्या छोट्या पट्टीवर जंपर लावून कुठला आकडा दाखवायचा ते जुळवणारा माणूस ठरवायचा. बटण दाबलं की हा, सोडलं की तो. ६६ च्या जागी ९९ दाखवायचं म्हटलं असतं तर तेही दिसलं असतं. दाखवलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत फरक असतो, हा पहिला धडा मला त्या कॅबिनेटनं दिला.

गरम भिंत

त्यानंतरची दहा वर्षं आकड्यांच्या शर्यतीची. ६ मार्च २००० रोजी एएमडीनं १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला, दोनच दिवसांनी इंटेलनं १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३. त्याच वर्षाच्या अखेरीस पेंटियम ४ आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा, आणि २००४ पर्यंत तो ३.८ ला पोचला. पुढचा टप्पा ४. तो आलाच नाही. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. गमतीनं मागितली, पण मागितली.

अडलं कुठे? घमेल्यांच्या रांगेला जास्त जलद हलवायचं तर माणसांना जास्त खायला घालावं लागतं. ट्रान्झिस्टरचं खाणं म्हणजे व्होल्टेज. व्होल्टेज वाढवलं की तो लवकर स्थिती बदलतो, म्हणून ठोकाही जलद पाडता येतो. पण विजेचा खर्च वाढतो तो सरळ नाही. ठोक्यांच्या पटीत तो वाढतोच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. उदाहरणादाखल हिशेब करू. ठोके दुप्पट केले आणि त्यासाठी व्होल्टेज ०.७ वरून १ केलं, तर व्होल्टेजचा वर्ग जवळपास दुप्पट झाला, ठोके दुप्पट, म्हणजे वीज चौपट. काम दुप्पट, बिल चौपट. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ साठी ११५ वॅट उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागे. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आठवा. त्याहून जास्त उष्णता, अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून.

त्याआधी हे का जाणवलं नव्हतं? आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगानं चालवूनही उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षं हा हिशेब उद्योगाला फुकटात मिळालेल्या वाऱ्यासारखा उपयोगी पडला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की व्होल्टेज आणखी उतरवलं तर ते नीट बंदच होईनात. बंद असतानाही गळक्या नळासारखी वीज झिरपू लागली. वारा पडला.

दमानं आणि जोरात

यातून बाहेर पडण्याची युक्ती लॅपटॉपवाल्यांनी आधीच शोधून ठेवली होती, वेगळ्या कारणासाठी. जानेवारी २००० मध्ये इंटेलनं लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये स्पीडस्टेप आणलं. लॅपटॉप प्लगला जोडलेला असताना ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट. प्लग काढला, बॅटरीवर आला, की ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. वरचाच हिशेब लावून बघा: वेग तेवीस टक्क्यांनी उतरला, पण विजेचा खर्च पंचेचाळीस टक्क्यांनी. थोडी घाई सोडली की निम्मी वीज वाचते, हे गणित इतकं फायद्याचं होतं की पुढे ते सगळीकडे गेलं.

दुसरं पाऊल उलट दिशेचं. नोव्हेंबर २००८ च्या कोअर आय७ मध्ये इंटेलनं टर्बो बूस्ट आणलं. आता चिपमध्ये चार कोअर होते आणि बऱ्याचदा त्यातला एखादाच कामात असायचा. बाकीचे तीन झोपलेले, म्हणजे त्यांच्या वाटची वीज आणि उष्णता शिल्लक. मग ती जागत्या कोअरला का देऊ नये? त्या मालिकेतल्या आय७-९२० चा नावावरचा आकडा २.६६ होता, पण एकटा कोअर कामात असेल तर तो २.९३ पर्यंत जायचा. त्या दिवसापासून खोक्यावरचा आकडा कमाल राहिला नाही. तो पाया झाला.

भाच्याच्या चिपमध्ये ही सगळी कल्पना पूर्ण ताणलेली आहे. तिचा पाया १.६० आणि शिखर ३.४. दुपटीहून जास्त अंतर. ज्या दुकानदारानं ३.४ लिहिलं त्यानं शिखर लिहिलं. इंटेलनं चिपच्या नावात १.६० घातलं तो पाया. १५ वॅटच्या मर्यादेत, चारही कोअर जड कामात असताना, निदान एवढ्या वेगाचा भरवसा, असा त्याचा अर्थ.

या दोघांमध्ये चिप दर क्षणाला कुठे थांबेल हे कोण ठरवतं? आधी हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करायची. ती कामाचा बोजा बघून चिपला कळवायची आणि त्यात वीस-तीस मिलिसेकंद जायचे. २०१५ पासून इंटेलनं हा निर्णय चिपच्याच हाती दिला आणि तो एखाद्या मिलिसेकंदात होऊ लागला. चिपमध्ये बसलेला एक छोटा नियंत्रक सतत विचारत असतो: काम किती आहे? तापमान किती? वीज किती खेचली जाते आहे? गेल्या काही सेकंदांत सरासरी किती खेचली? कामाचा प्रकारही बघितला जातो, कारण काही जड सूचना एका वेळी इतके ट्रान्झिस्टर हलवतात की काही चिपना त्यांच्यासाठी ठोका मुद्दाम खाली आणावा लागतो.

गोधडी आणि कडप्पा

रविवारी गेलो तेव्हा लॅपटॉप त्याच्या पलंगावर, आजीनं शिवलेल्या गोधडीवर मांडलेला होता. म्हटलं, इथेच ठेव, हलवू नकोस. टास्क मॅनेजर उघडला आणि एक लांबलचक व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला लावला. चारही कोअरना पुरेल असं काम.

आकडा लगेच ३ च्या वर गेला. भाचा खूश. मी त्याला मोबाइलवर स्टॉपवॉच लावायला सांगितलं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कोणी काही न करता, आकडा खाली आला आणि अडीचच्या जवळ रेंगाळू लागला.

हे बिघाडाचं लक्षण नव्हतं. लॅपटॉपच्या चिपला दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक कायमची, या चिपला १५ वॅट. दुसरी त्याहून बरीच वरची, थोड्या वेळापुरती. हा थोडा वेळ बहुतेक लॅपटॉपमध्ये २८ सेकंदांच्या हिशेबानं ठरवलेला असतो. वेब पान उघडणं, फाइल उघडणं, फोटो दाखवणं ही आपली नेहमीची कामं दोन-चार सेकंदांची असतात, तेवढ्यापुरती चिप जोरात पळते आणि आपल्याला लॅपटॉप चपळ वाटतो. काम लांबलं की ती दमानं घेते. जिन्यानं दोन मजले पळत चढता येतात, सिंहगड पळत चढायला निघालं की कल्याण दरवाज्याच्या आतच चाल बदलावी लागते.

आणखी पाच मिनिटं थांबलो. पंखा कण्हू लागला आणि आकडा दोनच्या खाली सरकला. हा तिसरा अंमल, तापमानाचा. या चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथवर पोचली की बाकी कुठलेही हिशेब बाजूला ठेवून ती स्वतःला वाचवायला ठोके कमी करते. गोधडीनं लॅपटॉपच्या पोटाखालच्या जाळ्या बंद केल्या होत्या, हवा आत जायला वाटच नव्हती.

काम चालू ठेवूनच लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला, मागच्या कडेखाली दोन उपड्या वाट्या. बहिणीनं कपाळाला हात लावला. दोन-तीन मिनिटांत आकडा परत दोनच्या वर आला आणि अडीचच्या आसपास टिकला. चिप तीच, काम तेच, बदललं होतं ते खालचं अंथरूण.

मोजतंय कोण?

आता उरली ती चौथी गोष्ट, १.८०. भाच्याला सगळ्यात जास्त संशय त्याचाच होता, कारण तो पायाही नव्हता आणि शिखरही.

विंडोजच्या त्या ओळीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे चिपचं नाव. चिपच्या आत ४८ बाइटच्या जागेत ते कारखान्यातच लिहून ठेवलेलं असतं आणि विंडोज ते जसंच्या तसं वाचून दाखवते. नावात '१.६०' ही अक्षरं होती म्हणून ती दिसली. आडनावासारखं. पाटील आडनाव असलं म्हणजे आज गावची पाटीलकी असेलच असं नाही.

दुसरा भाग मोजलेला असतो. १९९३ च्या पेंटियमपासून चिपमध्ये एक मोजणी-यंत्र आहे, जे सतत आकडा पुढे ढकलत राहतं. सुरुवातीला ते प्रोसेसरच्या खऱ्या ठोक्यांबरोबर चालायचं. पण ठोके बदलते झाले तशी पंचाईत झाली, कारण प्रोग्राम त्याचा वेळ मोजायला उपयोग करत होते आणि वेळ काही हळू-जलद चालत नाही. म्हणून नंतरच्या चिपमध्ये ते ठरलेल्या एकाच गतीनं चालवायला सुरुवात झाली, प्रोसेसर पळो की झोपो. या आय५ मध्ये ती गती १.८ आहे. कारण लॅपटॉप बनवणाऱ्याला ही चिप १५ ऐवजी २५ वॅटची परवानगी देऊन १.८ च्या पायावर बसवण्याची मुभा इंटेलनं दिली होती, तशीच १० वॅटवर आणून ०.८ च्या पायावर बसवण्याचीही. विंडोज ही ठरलेली गती मोजते आणि नावाशेजारी मांडते. एक आकडा नावातला, एक मोजणी-यंत्राचा. दोन्हींचा या क्षणाच्या वेगाशी संबंध नाही.

या क्षणाचा वेग काढायला आणखी दोन मोजण्या लागतात. दोन जपमाळा समजा. एकीचे मणी ठरलेल्या गतीनं ओढले जातात, दुसरीचे कोअरच्या खऱ्या ठोक्याला एक या हिशेबानं. कोअर झोपला की दोन्ही माळा थांबतात. सेकंदभरानं मोजायचं: पहिलीचे १०० मणी सरकले तेवढ्यात दुसरीचे १७० सरकले, तर कोअर त्या ठरलेल्या गतीच्या १.७ पट वेगानं चालला. टास्क मॅनेजरमधला नाचणारा आकडा असा गुणाकार करून काढलेला असतो.

म्हणजे तो सरासरीच झाला, आणि सरासरीही बऱ्याच मोठ्या काळाची. टास्क मॅनेजर साधारण सेकंदातून एकदा आकडा बदलतो. तेवढ्या वेळात चिपनं आपला निर्णय शेकडो वेळा बदललेला असू शकतो. शिवाय तो सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो. एक कोअर ३.४ वर धावत असेल आणि तीन झोपेत असतील, तर 'वेग' किती म्हणायचा? झोपेचा वेळ सोडून मोजलं तर ३.४. झोपेचा वेळ शून्य धरून मोजलं तर त्याच्या पाव. काही साधनं पहिल्या पद्धतीनं मोजतात, एचडब्ल्यूइन्फोसारखं साधन दोन्ही वेगवेगळे दाखवतं. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी दोन उत्तरं देतात, ती बहुधा प्रश्न वेगळा असल्यामुळे.

आणखी एक गंमत. आकडा बघायला खिडकी उघडणं हेसुद्धा कामच आहे. झोपलेल्याला हलवून "झोपलास का?" असं विचारण्यातला हा प्रकार. खिडकी काढायला चिप जागी होते, आकडा वर उडतो, आणि आपण म्हणतो काही चालू नसताना एवढा वेग कशाला.

३.६० च्या जागी ३.५९ दिसणं ही त्यातली निरुपद्रवी तऱ्हा. अचूक एकाच गतीचा ठोका रेडिओच्या लहरींमध्ये एका जागी टोकदार गोंगाट करतो आणि आसपासच्या उपकरणांना त्रास देतो. म्हणून पायाभूत ठोका मुद्दाम किंचित खाली-वर डुलता ठेवतात, बहुधा १०० मेगाहर्ट्झपासून अर्ध्या टक्क्याच्या आत, खालच्या बाजूनं. सरासरी ९९.७५ धरली आणि ३६ नं गुणलं, की ३५९१. म्हणून ३.५९.

काळजी कधी करायची

आकडा बदलतो याची काळजी करू नये. तो बदलायचा थांबला तर करावी.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा अनुभव सांगतो. प्रवासात चार्जर विसरलो, तिथे मिळाला तो दुसराच घेतला. पिन बसली, चार्जिंगचा दिवाही लागला. पण लॅपटॉप असा झाला की टाइप केलेलं अक्षर दिसायला वेळ लागे. व्हायरस असेल म्हणून दोन तास घालवले. मग टास्क मॅनेजरकडे लक्ष गेलं: ०.३९. काही उघडा, काही बंद करा, ०.३९. लॅपटॉपला चार्जरची ओळख पटली नव्हती. हा किती वीज देऊ शकेल याची खात्री नाही, म्हणून मदरबोर्ड चिपला 'तापली आहेस' असा इशारा देत होता, खरं तर ती गार असताना. चिप आज्ञाधारक, सगळ्यात खालच्या गुणकावर जाऊन बसली. मूळ चार्जर लावला आणि आकडा पुन्हा नाचायला लागला. त्या नाचाचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यानं म्हणून एवढं करावं. मूळ चार्जर लावून, टणक टेबलावर, पॉवर मोड तपासून एखादं जड काम दहा मिनिटं चालू ठेवावं. पहिल्या पंधरा सेकंदांतला आकडा बघून खूश होऊ नये. दहाव्या मिनिटाला तो कुठे स्थिरावला ते बघावं. पायाच्या वर टिकला तर ठीक. खाली घसरत राहिला तर पंखा, धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट यांपैकी काहीतरी आहे.

आणि दोन वेगळ्या चिपची तुलना या आकड्यावरून करूच नये. ठोका म्हणजे काम नव्हे. पेंटियम ४ ने मोठा आकडा कसा मिळवला होता? रांगेत माणसं वाढवून. प्रत्येकानं अर्धंच वळायचं, म्हणून ताल जलद. सुरुवातीला रांग वीस टप्प्यांची होती, पुढे एकतीसची झाली. पण मुकादमानं मध्येच "अरे, इकडे नाही, पलीकडच्या बाजूला!" असं ओरडलं, की रांगेतली सगळी घमेली वाया, आणि रांग जितकी लांब तितका तोटा मोठा. एएमडीनं २००१ मध्ये १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला 'अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+' हे नाव दिलं ते याच कारणानं, की आमचा ठोका कमी असला तरी एका ठोक्यात काम जास्त होतं. आजच्या चिपमध्ये तर एकाच तुकड्यावर दोन जातींचे कोअर असतात. २०२१ च्या कोअर आय९-१२९००के मध्ये मोठे कोअर ५.२ पर्यंत जातात आणि छोटे ३.९ पर्यंत. त्यांचा मिळून एक वेग कसा सांगणार?

इंटेलनंही बहुधा तो नाद सोडला. त्या बाराव्या पिढीपासून चिपच्या आत लिहिलेल्या नावातून गिगाहर्ट्झचा आकडाच काढून टाकला आहे.

परवा भाच्याला फोन केला. लॅपटॉप कसा आहे विचारलं. "चांगला आहे," म्हणाला. "पण आई वाट्या परत मागतेय."